दारुब्रह्म आणि त्याचे सुतार

पाषाणाची मूर्ती घडविणाऱ्या शिल्पकाराचे काम एकदाच होते. तो निघून जातो, त्याचे नाव लोक विसरतात, आणि मूर्ती मात्र पुढे शेकडो वर्षे पूजा घेत राहते. लाकडाच्या देवाची गोष्ट निराळी आहे. लाकूड कुजते, तडकते, त्याला वाळवी लागते. ज्या क्षेत्रातला मुख्य देवच लाकडाचा, तेथे मूर्तीइतकीच ती पुन्हा घडविणाऱ्या हातांचीही जपणूक करावी लागते. आणि हे हात एका माणसाच्या आयुष्यापुरते टिकून भागत नाही, ते बापाकडून मुलाकडे यावे लागतात. ओडिशातील पुरी हे असे क्षेत्र आहे. आज ज्या मंदिरात जगन्नाथ उभा आहे त्याची उभारणी बाराव्या शतकात गंगवंशीय राजा अनंतवर्मा चोडगंगदेव याने सुरू केली. ते दगडी मंदिर जुने आहे. परंतु त्याच्या गाभाऱ्यातील जगन्नाथ, बलभद्र, सुभद्रा आणि सुदर्शन यांच्या आजच्या मूर्ती २०१५ सालच्या आहेत.

जगन्नाथाला ‘दारुब्रह्म’ म्हणतात. मराठी माणसाच्या कानाला हा शब्द प्रथम थोडा खटकतो, कारण दारू म्हटले म्हणजे आपल्या मनात भलतीच वस्तू येते. परंतु संस्कृतात दारु म्हणजे लाकूड, आणि आपल्या देवदाराच्या नावात तो शब्द सुखाने नांदतो आहे. लाकूडरूपी ब्रह्म, हा दारुब्रह्माचा अर्थ. हे लाकूडही चंदनासारखे दुर्मीळ वा मौल्यवान नाही. ते आहे कडुनिंबाचे. ज्याची पाने आपण पाडव्याच्या सकाळी तोंड वाकडे करून खातो, तोच निंब.

पुरीच्या मूर्तींची कथा हिंदुस्थानभर थोड्याफार फरकाने सांगितली जाते. इंद्रद्युम्न राजाला विष्णूच्या एका गुप्त रूपाचा शोध लागावा अशी इच्छा झाली. त्याने विद्यापती नावाच्या ब्राह्मणाला पाठविले. अरण्यात विश्वावसू नावाचा शबरांचा मुखिया नीलमाधवाची पूजा करीत असे. विद्यापतीने त्याच्या ललिता नावाच्या मुलीशी विवाह केला आणि देवाचे स्थान पाहून घेतले. राजा तेथे पोहोचला तेव्हा देव अंतर्धान पावला होता. पुढे तो समुद्रातून वाहत आलेल्या ओंडक्याच्या रूपाने परत आला. तो ओंडका कोणाच्याच हत्याराला दाद देईना. तेव्हा एक वृद्ध सुतार पुढे झाला. तो प्रत्यक्ष विश्वकर्मा होता असे मानतात. त्याने एकच अट घातली : एकवीस दिवस दार बंद राहील आणि मध्ये कोणी ते उघडणार नाही. काही दिवसांनी आतून हत्याराचा आवाज येईनासा झाला. म्हातारा उपासाने गेला की काय, या चिंतेने राणी गुंडिचेने दार उघडविले. सुतार नाहीसा झाला होता, आणि मूर्ती अर्धवट राहिल्या होत्या. हातांना पंजे नाहीत, पाय नाहीत, आणि मुखावर प्रचंड वाटोळे डोळे.

कथेचे जुने रूप स्कंदपुराणाच्या पुरुषोत्तमक्षेत्र-माहात्म्यात आहे, आणि पंधराव्या शतकातल्या सारळा दासाने आपल्या ओडिया महाभारतात ती आपल्या पद्धतीने सांगितली आहे. कथा म्हणून ती आपण सोडून देऊ शकतो. पुरीतील काही कुळांना मात्र ती सोडून देता येत नाही, कारण ती त्यांची वंशावळ आहे. दैतापती म्हणून जे सेवेकरी आहेत ते स्वतःला शबर विश्वावसूच्या कन्येचे वंशज समजतात. पती महापात्र हे विद्यापतीचे. आणि महाराणा आडनावाचे सुतार त्या वृद्ध सुताराशी आपला धागा जोडतात. आपल्याकडे महाराणा म्हटले की चितोड आठवते. ओडिशात मात्र महाराणा हे सुताराचे आडनाव आहे, आणि मला वाटते, जेथे देव लाकडाचा असतो तेथे ते शोभूनही दिसते.

या कथेमागे इतिहास काय असावा याचा विचार पुष्कळांनी केला आहे. अ‍ॅनशार्लोट एशमान, हेर्मान कुल्के आणि गयाचरण त्रिपाठी यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन आहे की, ओडिशाच्या डोंगराळ भागात लाकडी खांबाच्या रूपात देवता पुजण्याची वनवासी लोकांची जी प्रथा आहे, तिच्याशी जगन्नाथाच्या रूपाचे नाते जुळते. स्तंभेश्वरी नावाची देवी तेथील काही जुन्या राजकुळांची आराध्य होती, आणि खांबेश्वरी या नावाने तिची पूजा आजही होते. सर्वांनाच हे मत मान्य नाही. परंतु मूर्तीसाठी वृक्ष कसा निवडतात हे पाहिले म्हणजे अरण्याची खूण लपून राहात नाही.

वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिता’ लिहिली. तिच्यात मूर्तीसाठी वनात जाऊन वृक्ष कसा निवडावा यावर एक स्वतंत्र अध्याय आहे. स्मशानातले झाड नको, वाटेवरचे नको, वारुळावर उगवलेले नको, नद्यांच्या संगमावरचे नको, असे तो स्पष्ट बजावतो. आता पुरीच्या दैतापतींची लक्षणे पाहा. जगन्नाथाचा वृक्ष काळसर सालीचा आणि चार मुख्य फांद्यांचा हवा. त्यावर शंखचक्राची चिन्हे दिसावीत. जवळ नदी किंवा तळे असावे, स्मशान असावे. बुंध्याशी वारूळ असून त्यात नागाचे बीळ असावे. आणि त्यावर पाखराचे घरटे नसावे. बलभद्राचा वृक्ष फिकट वर्णाचा व सात फांद्यांचा, सुभद्रेचा पिवळसर व पाच फांद्यांचा, आणि सुदर्शनाचा तांबूस. शास्त्रकाराने जे वर्ज्य सांगितले तेच येथे शुभ ठरले आहे. पुढे विधींवर शास्त्राचा हात फिरला असेल, फिरलाच आहे. परंतु पहिली निवड ज्यांनी केली त्यांनी वराहमिहिराला विचारले नव्हते.

मूर्ती नव्या करण्याच्या या सोहळ्याला नवकलेवर म्हणतात. देवाने नवे शरीर धारण करणे, असा त्याचा अर्थ. ज्या वर्षी आषाढ अधिक येतो त्या वर्षी तो होतो, म्हणजे सामान्यतः आठ, अकरा किंवा एकोणीस वर्षांनी. विसाव्या शतकात तो १९१२, १९३१, १९५०, १९६९, १९७७ आणि १९९६ या वर्षी झाला, आणि त्यानंतर २०१५ साली. या अंकांकडे एका सुताराच्या दृष्टीने पाहिले पाहिजे. १९७७ साली जो पंचवीस वर्षांचा होता तो १९९६ साली चव्वेचाळीस वर्षांचा झाला आणि २०१५ साली त्रेसष्टाचा. म्हणजे उभ्या जन्मात तीन संधी, त्यांतली पहिली शिकण्यात जाणारी आणि तिसरी शिकविण्यात. मधल्या एकोणीस वर्षांत जर बाप गेला आणि मुलाने काही पाहिलेच नसेल, तर पुढच्या वेळी कोणाला विचारावयाचे?

चैत्र शुद्ध दशमीला वृक्षाच्या शोधाला माणसे निघतात. या यात्रेला वनजाग म्हणतात. मंडळी पायी चालत काकटपूरला जातात, तेथील देउळी मठात उतरतात, आणि मंगलादेवीच्या चरणी कौल लावतात. देवी स्वप्नात दिशा सांगते अशी श्रद्धा आहे. त्यानंतर तुकड्या चारी दिशांना जातात. २०१५ साली सुदर्शनाचा वृक्ष खोर्धा जिल्ह्यात गडकंटुणिया येथे मिळाला. बलभद्राचा जगतसिंहपूर जिल्ह्यात झंकड येथील सारळादेवीच्या परिसरात, सुभद्रेचा अडंग येथे, आणि जगन्नाथाचा खरिपडिया या खेड्यात. ज्या खेड्याचे नाव शेजारच्या तालुक्यालाही ठाऊक नव्हते तेथे काही दिवसांत लाखोंची रीघ लागली.

वृक्ष तोडण्याआधी त्याची पूजा आणि यज्ञ होतो. मग प्रथम सोन्याच्या कुऱ्हाडीचा स्पर्श, तो पती महापात्रांच्या हातून. नंतर चांदीची कुऱ्हाड दैतापतींच्या हातून. आणि शेवटी लोखंडाची कुऱ्हाड सुताराच्या हाती. झाड पडते ते अर्थातच लोखंडाने. सोन्याला मान आणि लोखंडाला श्रम, असे कोणी म्हणेल. तथापि तीनही कुऱ्हाडी एकाच विधीत येतात, आणि तिसरीवाचून पहिल्या दोन व्यर्थ आहेत हे तेथील सर्वांना पुरते ठाऊक असते. फांद्या, साल, पाने हे सारे तेथेच पुरून टाकतात. ओंडके नव्या लाकडी गाड्यांवर चढवून पुरीला आणतात आणि मंदिराच्या आवारातील कोइली वैकुंठ नावाच्या जागी ठेवतात.

पुढचे काम बंद दाराआड चालते. गाभाऱ्यातल्या मूर्ती घडविणारे विश्वकर्मा कुळातले मोजके सुतार आत जातात, आणि वाकस-पटाशीचा आवाज बाहेर कोणाच्या कानी पडू नये म्हणून बाहेर वाद्ये वाजत राहतात. मूळ कथेत आवाज थांबला म्हणून दार उघडले गेले आणि मूर्ती अपुऱ्या राहिल्या. तेव्हापासून जणू आवाजच कोणाला ऐकू द्यावयाचा नाही असा निर्धार केलेला दिसतो.

आता येथे सुताराच्या दृष्टीने एक कठीण गोष्ट आहे, आणि तिचा विचार फारसा केला जात नाही. ज्याच्या बोटांत पिढ्यान्‌पिढ्यांची कला आहे त्याला हाताचे पंजे कोरता येत नाहीत काय? येतात. रथांवरच्या लाकडी घोड्यांच्या माना, सारथ्यांचे चेहरे, पार्श्वदेवतांचे अलंकार पाहिले म्हणजे पुरीचे रूपकार काय करू शकतात ते दिसते. परंतु गाभाऱ्यातल्या मूर्तीपाशी त्याला थांबावे लागते. जे अपुरे राहिले ते अपुरेच, त्याच मापाने आणि त्याच रेषेने, पुन्हा घडवावयाचे. एखाद्या पिढीतल्या एखाद्या कुशल सुताराला कधी तरी वाटलेच असेल की, येथे एक बोट उमटवावे, डोळ्याची कड जरा निमुळती करावी. तसे झाले नाही. नवीन काही करून दाखविण्यापेक्षा हे अवघड आहे. आपल्या कलासमीक्षेने सर्जनाचे पुष्कळ गोडवे गायिले आहेत. हाताला आवर घालण्याच्या या कलेला तिने अजून नावही दिलेले नाही.

लाकूडकाम झाले तरी मूर्ती पुऱ्या होत नाहीत. त्यांवर वस्त्राच्या पट्ट्या, राळ, चंदन, कस्तुरी, कापूर अशा द्रव्यांचे थरावर थर चढतात आणि अखेरीस रंग येतो. हे काम दैतापतींचे आणि दत्त महापात्रांचे. एरवीही दर वर्षी ज्येष्ठ पौर्णिमेच्या स्नानानंतर देव आजारी पडतात आणि पंधरा दिवस दर्शन बंद असते. त्या काळात ही डागडुजी होते. नवकलेवराच्या वर्षी ही मुदत पंचेचाळीस दिवसांची असते. या दिवसांत देवांच्या जागी कापडावर रंगविलेल्या तीन पट्ट्या पूजेला असतात, आणि त्या रंगविणारी चित्रकारांची घराणीही ठरलेली आहेत.

जुन्या मूर्तीतले ब्रह्मपदार्थ नव्या मूर्तीत ठेवण्याचा विधी रात्री होतो. ज्येष्ठ दैतापती डोळ्यांवर पट्टी आणि हातांना वस्त्र गुंडाळून तो करतात. ते काय आहे हे पाहावयाचे नाही, हाताला कळू द्यावयाचे नाही. त्यानंतर जुन्या मूर्ती कोइली वैकुंठात पुरल्या जातात, आणि दैतापतींच्या घरी दहा दिवसांचे सुतक धरले जाते. मुंडन होते, शुद्धी होते, भोजन होते. घरातला वडीलधारा गेला म्हणजे जे जे होते ते सर्व होते. देवाचे सुतक धरणारी घराणी जगात फारशी नसतील. भक्ताने देवाला मायबाप म्हणणे आपल्या संतांनी आपल्याला शिकविले आहे. पुरीत ते नाते सोयरसुतकापर्यंत येऊन पोहोचले आहे.

लाकडाच्या देवाला एक भय असते, अग्नीचे. १५६८ साली बंगालच्या सुलेमान कर्राणीचा सेनापती कालापहाड याने ओडिशावर स्वारी केली. मादला पांजी हे मंदिराचे ताडपत्रावरील बखरवजा दप्तर सांगते की, मूर्ती लपवून ठेवल्या होत्या त्या शोधून काढून जाळण्यात आल्या. विसर महांती नावाच्या भक्ताने जळक्या मूर्तीतून ब्रह्मपदार्थ मिळविले आणि मृदंगात दडवून कुजंगला नेले. पुढे त्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात खोर्ध्याचा राजा रामचंद्रदेव याने नव्या मूर्ती करवून पूजा पुन्हा सुरू केली. ज्याच्याजवळ केवळ मूर्ती होती त्याचा देव त्या ज्वाळांत संपला असता. पुरीत मूर्ती गेली तरी ती कशी करावयाची हे जाणणारी माणसे खेड्यापाड्यांत जिवंत होती. रामचंद्रदेवाचे श्रेय इतिहासाने त्याला दिले आहे; ज्यांनी तेव्हा हत्यार हाती घेतले त्यांची नावे मागे राहिली नाहीत. कुळ मात्र राहिले.

मराठी श्रोत्यांना या क्षेत्राशी असलेला आपला संबंधही आठवेल. १७५१ साली बंगालचा नवाब अलिवर्दीखान याच्याशी झालेल्या तहाने ओडिशा नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८०३ पर्यंत राहिला. या बावन्न वर्षांत मंदिराचा कारभार मराठी अंमलदारांच्या देखरेखीखाली होता. त्या काळाची ठळक खूण म्हणजे सिंहद्वारासमोरचा अरुणस्तंभ. कोणार्कच्या उजाड सूर्यमंदिरापुढचा हा एकसंध पाषाणाचा स्तंभ अठराव्या शतकात मराठ्यांच्या अमदानीत पुरीला आणून उभा केला गेला. दगड असा एका जागेहून दुसऱ्या जागी नेता येतो. त्याच स्तंभासमोर दर आषाढात जे तीन रथ येऊन उभे राहतात ते मात्र कोठून आणता येत नाहीत. ते दर वर्षी नव्याने करावे लागतात.

आपल्याकडेही देवस्थानांचे लाकडी रथ आहेत. ते रथघरात ठेवतात, वर्षातून एकदा बाहेर काढतात, मोडले तर दुरुस्त करतात. पुरीचा नियम असा की, गेल्या वर्षीचा रथ या वर्षी चालत नाही. जगन्नाथाचा नंदिघोष सोळा चाकांचा, बलभद्राचा तालध्वज चौदा चाकांचा, सुभद्रेचा दर्पदलन बारा चाकांचा. मिळून बेचाळीस चाके. नंदिघोषाची उंची सुमारे पंचेचाळीस फूट. परंपरेने ठरलेली तुकड्यांची संख्या नंदिघोषाला ८३२, तालध्वजाला ७६३ आणि दर्पदलनाला ५९३ अशी आहे. घोडे, सारथी आणि पार्श्वदेवता तेवढ्या जपून ठेवतात आणि नवकलेवराच्या वर्षी नव्या करतात. बाकीचे लाकूड यात्रेनंतर मोडून मंदिराच्या पाकशाळेत जळणाला जाते. काही भाग, विशेषतः चाके, भाविक विकत घेतात.

पूर्वी हे लाकूड दसपल्ला संस्थानच्या अरण्यातून येत असे. राजा ते विनामूल्य देई आणि ओंडके महानदीच्या प्रवाहावर सोडून पुरीकडे आणीत. संस्थान १९४८ साली ओडिशात विलीन झाले. आता वनखाते लाकूड पुरविते आणि ते मोटारींतून येते. धउरा म्हणजे आपला धावडा, असन म्हणजे ऐन, सिमिळी म्हणजे सावर. चाकांना लागते ते फासी नावाचे, धावड्याच्याच जातकुळीतले चिवट लाकूड. वसंत पंचमीला ओंडक्यांची पूजा होते, रामनवमीला करवत लागते आणि अक्षय्य तृतीयेला रथाच्या कामाचा मुहूर्त होतो. मंदिरातून तीन आज्ञामाळा येतात, त्या तीन ओंडक्यांवर ठेवतात, आणि तीन रथांच्या मुख्य महाराणांच्या डोक्याला देवाचे वस्त्र बांधतात. गजपती राजाच्या वाड्यासमोर, बडदांड नावाच्या राजरस्त्याच्या कडेला रथखला म्हणून जागा आहे, तेथे हे काम होते. हाताशी साधारण दोन महिने असतात. चंदनयात्रेच्या अखेरीस चाके आसावर चढलेली दिसली पाहिजेत, आणि आषाढ शुद्ध द्वितीयेला रथ हलला पाहिजे. या तारखेला मुदतवाढ नाही.

येथे कामाची वाटणी पाहण्यासारखी आहे. महाराणा सुतार, ओझा महाराणा हे लोहार, ते चाकांच्या कड्या आणि लोखंडी सुळे घडवितात, रूपकार नक्षी व मूर्ती कोरतात, चित्रकार रंगवितात, दर्जी कापडाचे छत शिवतात, भोई अवजड लाकडे हलवितात. मोजमाप हातांच्या हिशेबाने, ठरलेल्या काठीने. कागदावर आराखडा काढून त्यावरून रथ बांधण्याची पद्धत येथे नव्हती. पंचेचाळीस फुटी रथ, त्यावर देव आणि कितीतरी सेवेकरी, खाली हजारो माणसांनी ओढलेले दोर; एवढे वजन सांभाळणारा जोड कोठे घट्ट ठेवावयाचा आणि कोठे किंचित सैल, हे मुलगा बापाशेजारी ओंडक्यावर बसून शिकतो. प्रथम तो सूत धरतो, मग खुणा करतो, मग आरे तासतो. तुंब्याला हात लावण्याची पाळी पुष्कळ वर्षांनी येते. कामाच्या दिवसांत ही माणसे व्रतस्थ राहतात. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत त्यांच्यापैकी बहुतेक जण इतर सुतारांसारखीच दारे-खिडक्या करून पोट भरतात.

इंग्रजांच्या नजरेला या सर्वांतले काय दिसले? १८०६ साली क्लॉडियस ब्युकॅनन हा ख्रिस्ती धर्मोपदेशक पुरीला आला. त्याच्या वर्णनांनी रथाच्या चाकाखाली देह टाकणाऱ्या भाविकांच्या कथा विलायतेत घरोघर पोहोचल्या, आणि ‘जगरनॉट’ हा शब्द इंग्रजी भाषेत सर्व काही चिरडीत जाणाऱ्या शक्तीचा वाचक होऊन बसला. चाक त्यांना दिसले. चाक करणारा मनुष्य दिसला नाही.

स्वातंत्र्यानंतर मंदिराच्या कारभारासाठी कायदे झाले. १९५२ च्या कायद्याने सेवेकऱ्यांचे हक्क आणि कर्तव्ये यांची नोंद करण्याचे ठरले. १९५५ च्या कायद्याने व्यवस्थापन समितीकडे जावयाचे ठरले, आणि १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला. कोणत्या कुळाने कोणती सेवा करावयाची हे आता दप्तरात लिहिलेले आहे. ही नोंद आवश्यक होती यात शंका नाही. परंतु दप्तरात हक्क उतरतो, हातोटी उतरत नाही. आणि हक्क म्हटला की तंटाही त्याच्या पाठोपाठ येतो. २०१५ साली ब्रह्मपरिवर्तनाचा विधी रात्री पुरा न होता दुसऱ्या दिवसावर गेला. तो कोणी करावयाचा यावरून सेवेकऱ्यांतच वाद झाला होता, आणि ओडिशाभर त्याबद्दल तीव्र दुःख व्यक्त झाले. वारसा म्हटला की त्यात हेही येते. भक्ती आणि भाऊबंदकी एकाच घरात राहतात.

त्या मानाने २०२० सालचे चित्र निराळे होते. साथीमुळे देशभर टाळेबंदी होती. अक्षय्य तृतीयेचा विधी मंदिराच्या आत उरकावा लागला आणि मे महिन्यात केंद्राच्या परवानगीने रथांचे काम सुरू झाले. सुतार घरापासून दूर, एकत्र मुक्कामाला राहून काम करीत होते. रथ उभे राहिले. आणि १८ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षीच्या यात्रेला मनाई केली. बेचाळीस चाके जागच्या जागी होती. चार दिवसांनी, २२ जून रोजी, न्यायालयाने अटी घालून परवानगी दिली आणि २३ तारखेला, रस्त्यावर यात्रेकरू नसताना, सेवेकऱ्यांनी रथ ओढले. ती परवानगी मिळाली नसती तरी रथ बांधणाऱ्यांचे काम पुरे झालेले होते. त्यांनी ते मनाई होईल की परवानगी मिळेल याचा निकाल लागेपर्यंत थांबवून ठेवले असते, तर २३ तारखेला ओढावयास काहीच नसते.

पुढची काळजी लाकडाची आहे. रथांसाठी दर वर्षी शेकडो ओंडके लागतात, आणि फासीसारखे झाड हवे तेवढे जाड व्हावयास कित्येक दशके जातात. ओडिशाच्या वनखात्याने जगन्नाथ वन प्रकल्प या नावाने या जातींची लागवड हाती घेतली आहे. आज लावलेले रोप ज्याच्या वाकसाखाली येईल तो सुतार कदाचित अजून जन्मलेला नसेल. निंबाचे तसे नाही. निंब कोठेही उगवतो, परंतु वारूळ, नदी, स्मशान आणि चार फांद्या यांसह उभा असलेला निंब गावे वाढत चालली तसा विरळ होत आहे.

पंचांगाच्या गणिताप्रमाणे यानंतरचा अधिक आषाढ २०३४ साली येतो. २०१५ साली ज्याने बंद दाराआड त्रेसष्टाव्या वर्षी शेवटचे काम केले असेल तो त्या वेळी ब्याऐंशी वर्षांचा असेल. त्याच्या शेजारी बसून जो पंचवीस वर्षांचा मुलगा प्रथमच आत गेला होता, तो चव्वेचाळीस वर्षांचा होईल.